बाष्पनशील तेले व पुरुष प्रजननक्षमता

वनस्पतींची पाने, फुले, साल किंवा बिया यांतून, बहुधा वाफेच्या ऊर्ध्वपातनाने, काढलेल्या सुगंधी तेलांचा शुक्रजंतूंवर होणारा परिणाम हा या नोंदीचा विषय आहे. ही तेले खाद्यतेलांहून निराळी. कागदावर टाकलेला निलगिरी तेलाचा थेंब उडून जातो, करडईच्या तेलाचा डाग मात्र तसाच राहतो. ‘पुरुषांसाठी गुणकारी तेल’ म्हणून बाटल्या विकणारे हा फरक सहसा सांगत नाहीत.

शुक्रजंतूच्या पटलात (बाहेरच्या पातळ आवरणात) ऑक्सिडीकरणाने सहज बिघडणारी बहुअसंतृप्त मेदाम्ले भरपूर असतात आणि पेशीद्रव नाममात्र असल्याने संरक्षक विकरे (एन्झाइम) तुटपुंजी. त्यामुळे तंबाखू, उष्णता किंवा व्हेरिकोसील (वृषणाभोवतीच्या शिरा फुगणे) यांमुळे ऑक्सिडीकरण वाढले की हे पटल लवकर खराब होते. थायमॉल, कार्व्हाक्रॉल, युजेनॉल ही या तेलांतली फिनॉल गटातील संयुगे मुक्त मूलकांना, म्हणजे ऑक्सिडीकरण घडवणाऱ्या अस्थिर रेणूंना, निष्प्रभ करतात. आशा आहे ती यावरच. इराणमध्ये उंदरांवर असे प्रयोग झाले आहेत. सायक्लोफॉस्फामाइड हे कर्करोगावरील औषध वृषणांना इजा करते. त्यासोबत खुजिस्तानी सातुरेया या रानवनस्पतीचे तेल दिले, तेव्हा ही इजा कमी आढळली. दालचिनीच्या तेलानेही उंदरांत शुक्रजंतूंची स्थिती सुधारल्याचे निष्कर्ष आहेत.

गोष्ट इथवरच असती तर सोपी होती. बाळंतिणीला दिला जाणारा ओवा घ्या. चिमूटभर तळहातावर चोळला की नाकात जातो तो वास मुख्यतः थायमॉलचा. त्याच्याच स्फटिकांना ओव्याचे फूल म्हणतात. प्रयोगशाळेत माणसाच्या वीर्यात ओव्याचे तेल मिसळले, तेव्हा शुक्रजंतू थंडावले आणि त्यांचे पटल फाटले. तो अभ्यास होता गर्भनिरोधनासाठी! म्हणजे तेल रक्षक की मारक, हे मात्रेवर आणि ते शुक्रजंतूपर्यंत कसे पोचते यावर ठरते. उंदराला तोंडाने दिलेली मात्रा आणि बशीत थेट ओतलेले तेल यांची तुलना करता येत नाही, हे दोन्ही बाजूंचे लोक विसरतात.

माणसांवरचा पुरावा तोकडा आहे. नेहमी दाखला दिला जातो तो 2014 साली प्रसिद्ध झालेल्या इराणमधील चाचणीचा. 68 वंध्य पुरुषांपैकी निम्म्यांना रोज 5 मिलि. कलौंजीचे तेल दोन महिने दिले गेले. त्यांच्या शुक्रजंतूंची संख्या व हालचाल वाढली. पण कलौंजीचे तेल मुख्यतः स्थिर, म्हणजे खाद्यतेलासारखे न उडणारे तेल. बाष्पनशील अंश थोडाच. शिवाय शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे 74 दिवस लागतात, म्हणजे चाचणी एका फेरीहूनही आखूड होती.

लॅव्हेंडर आणि टी-ट्री (एक ऑस्ट्रेलियन झाड) यांच्या तेलांची बाजू उलटी आहे. ही तेले असलेली उत्पादने वापरणाऱ्या तीन मुलग्यांत वयात येण्याआधीच स्तनांची वाढ झाल्याची नोंद 2007 साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. वापर थांबल्यावर ती ओसरली. पेशींवरील प्रयोगांत या तेलांचा इस्ट्रोजेन या स्त्रीसंप्रेरकासारखा व पुरुषसंप्रेरकविरोधी परिणाम दिसला. या निष्कर्षांना पुढे आक्षेपही घेतले गेले.