अवधानभंग, ध्वनिजन्य

अवधानभंग, ध्वनिजन्य : हाती घेतलेल्या कामाशी संबंध नसलेला आवाज अचानक कानी पडल्यामुळे लक्ष त्याकडे ओढले जाणे आणि त्यापायी काम मंदावणे किंवा चुकणे. मूल गणित सोडवत असताना बाहेर कुत्रा भुंकला किंवा मोबाइल वाजला, की मान वळते ती यामुळेच. लहान मुले व प्रौढ यांच्यात याचे स्वरूप निराळे असते, मात्र हा फरक आवाज टिपण्यात कमी आणि टिपल्यानंतरच्या टप्प्यांत अधिक आढळतो.

नव्या उद्दीपकाकडे (संवेदना जागवणाऱ्या गोष्टीकडे) वळण्याच्या प्रवृत्तीला रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांनी ‘हे काय?’ प्रतिक्षेप (आपोआप होणारी प्रतिक्रिया) म्हटले होते. १९६० च्या सुमारास रशियन मानसशास्त्रज्ञ सोकोलोव्ह यांनी तिची उपपत्ती मांडली. त्यांच्या मते मेंदू परिसराचे एक प्रतिरूप बाळगतो आणि येणारे उद्दीपक त्याच्याशी जुळले नाही, की ही प्रतिक्रिया उमटते. पुढील बहुतेक विवेचनाचे मूळ या कल्पनेत आहे.

फिनलंडचे मानसशास्त्रज्ञ रिस्टो नाटानेन व त्यांचे सहकारी यांनी १९७८ मध्ये मेंदूच्या विद्युत् आलेखातील (ईईजी) एका ऋण लहरीचे वर्णन केले. एकाच सुराची पुनरावृत्ती चालू असताना मध्येच वेगळा सूर आला, की साधारण १०० ते २५० मिलिसेकंदांत ही लहर दिसते. तिला ‘मिसमॅच निगेटिव्हिटी’ (एमएमएन) म्हणतात. ऐकणाऱ्याचे लक्ष दुसरीकडे असले, तरी ती उमटते.

या लहरीच्या उगमाविषयी मतभेद आहेत. नाटानेन यांच्या मते ती श्रवणस्मृतीतील ठशाशी झालेल्या तुलनेची खूण होय. याउलट यास्केलाइनेन (२००४) आणि मे व टीटिनेन (२०१०) या संशोधकांनी ती केवळ अनुकूलनातून स्पष्ट होते, असे प्रतिपादन केले. त्यांच्या मते पुन्हा पुन्हा उद्दीपित झालेले चेतापेशी थकतात व वेगळ्या सुराला ताजे पेशी जोरदार प्रतिसाद देतात. मांजरांच्या श्रवण-बाह्यकातील (मेंदूच्या बाह्यस्तरातील ऐकण्याशी संबंधित भागातील) पेशींत असे उद्दीपकनिष्ठ अनुकूलन आढळल्याचे २००३ मध्ये दाखविले गेले, त्यामुळे या मताला बळ मिळाले. तथापि नेहमीपेक्षा क्षीण आवाज आला किंवा अतिशय जलद मालिकेतील एखादा सूर गाळला, तरी ही लहर उमटते. त्याचा उलगडा निव्वळ अनुकूलनाने करणे अवघड जाते. चेताशास्त्रज्ञ फ्रिस्टन (२००५) यांच्या चौकटीत मेंदू पुढील आवाजाचे सतत भाकीत करतो व एमएमएन ही भाकीत चुकल्याची नोंद ठरते. या चौकटीत दोन्ही बाजूंची निरीक्षणे सामावतात, म्हणून अलीकडे तिच्याकडे अधिक कल दिसतो.

वेगळेपण ठळक असेल, तर सुमारे ३०० मिलिसेकंदांच्या आसपास ‘पी३ए’ ही धन लहर येते. लक्ष आवाजाकडे वळल्याचे ती निदर्शक मानली जाते. स्क्वायर्स व हिलयार्ड यांनी १९७५ मध्ये ती वेगळी ओळखली. ललाटखंडास (मेंदूच्या पुढच्या भागास) इजा झालेल्या रुग्णांत ती मंदावते. यानंतर लक्ष कामाकडे परतते. त्याच्याशी निगडित असलेली ऋण लहर श्र्योगर व वोल्फ यांनी १९९८ मध्ये नोंदविली.

मुलांवरील प्रयोगाची रीत साधी असते. पडद्यावर प्राण्याचे चित्र दिसले, की ठरलेले बटण दाबायचे. प्रत्येक चित्राआधी एकच सूर वाजतो. मधूनच त्याऐवजी भुंकणे, यंत्राची घरघर असा आवाज येतो, आणि त्या खेपेस बोट बटणावर उशिरा पडते. हा उशीर चार-पाच वर्षांच्या मुलांत बराच मोठा असतो. शालेय वयात तो घटत जातो व नऊ-दहाव्या वर्षाच्या सुमारास प्रौढांच्या जवळपास येतो, असे जर्मनीतील निकोल व्हेत्सेल व सहकाऱ्यांच्या संशोधनावरून दिसते. मात्र अगदी लहान मुलांतही तोच प्रकार काही मिनिटे चालल्यावर उशीर कमी होऊ लागतो, ही बाब महत्त्वाची आहे. मूल मुद्दाम दुर्लक्ष करते, असा निष्कर्ष यावरून काढता येत नाही. लक्ष परत आणणारी यंत्रणा अजून घडत असते.

विसंगती ओळखण्याची क्षमता मात्र जन्मतःच असते. नवजात अर्भकांत, ती झोपेत असतानाही, वेगळ्या सुराला प्रतिसाद मिळतो. अर्भकांत तो पुष्कळदा ऋणाऐवजी धन दिसतो. प्रौढांच्या एमएमएनशी त्याचे नाते काय, याबद्दल एकवाक्यता नाही. शालेय वयातील मुलांत ४०० मिलिसेकंदांनंतर एक पसरट ऋण लहर दिसते, ती वयाबरोबर क्षीण होत जाते. तिला प्रौढांच्या, लक्ष कामाकडे परतण्याशी निगडित असलेल्या लहरीशी सरसकट समान मानणे घाईचे ठरेल.

अनपेक्षित आवाज प्रत्येक वेळी बाधकच ठरतो असे नाही. तो जागरूकताही वाढवतो. डोळ्याची बाहुली विस्फारणे ही त्याची दृश्य खूण होय. आवाजावरून पुढील उद्दीपकाची वेळ कळत असेल, तर कधीकधी प्रतिसाद जलद होतो. उतारवयात अवधानभंग पुन्हा वाढल्याचे काही प्रयोगांत आढळले आहे.

वैद्यकात एमएमएनचा उपयोग छिन्नमनस्कतेच्या (स्किझोफ्रेनिया) अभ्यासात, तसेच कोमातील रुग्ण शुद्धीवर येण्याची शक्यता अजमावण्यासाठी होतो.

दीर्घकाळच्या गोंगाटाचा परिणाम वेगळा धरावा. म्यूनिकचा विमानतळ १९९२ मध्ये स्थलांतरित झाला, तेव्हा नव्या विमानतळाजवळच्या मुलांचे वाचन व दीर्घकालीन स्मृती खालावली आणि जुन्याजवळच्या मुलांची सुधारली, असे हिगे, एव्हान्स व बुलिंगर यांना २००२ मधील अभ्यासात आढळले. त्या परिणामाचे मोजमाप वर्षांत होते. वर वर्णिलेली प्रक्रिया सेकंदाच्या आत आटोपते.