हिवाळी कोशिंबीर आणि तांबड्या रश्शाचा तवंग

तांबड्या रश्शाची वाटी दोन मिनिटं न ढवळता समोर ठेवून बघा. लालभडक तवंग वर येतो आणि खालचं पाणी फिकट, विटकरी होऊन राहतं. मिरची तर सगळ्या रश्शात सारखीच पडलेली असते, मग तिचा रंग वरच का गोळा होतो? कारण ब्याडगी असो की संकेश्वरी, मिरचीला लाल करणारं कॅप्सॅन्थिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. मिसळीवर कट वाढवून मागणाऱ्या कोल्हापूरकराला हे रसायनशास्त्र जिभेनं केव्हाच कळलेलं असतं.

कोशिंबिरीवर लिहायला बसलो आणि सुरुवात रश्शानं केली, कारण गाजराला रंग देणारी द्रव्यं कॅप्सॅन्थिनच्याच भावकीतली आहेत. या भावकीचं नाव कॅरोटिनॉइड. सगळ्यांचा स्वभाव एकच: पाण्याशी वैर, तेलाशी सोयरीक.

माझ्या भाच्यानं दिवाळीनंतर रात्रीचं जेवण बंद केलं आणि वाडगाभर कच्चं खायला लागला. गाजराचे जाड काप, काकडी, वर चिमूटभर मीठ. "मामा, तेलाचा थेंब न्हाई बघा यात," असं अभिमानानं सांगतो. मी त्याला म्हटलं, "म्हणजे गाजरातलं निम्मं-अधिक तू तसंच बाहेर टाकतोयस."

हे माझ्या मनचं नाही. अमेरिकेतल्या संशोधकांनी 2004 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मोजक्याच माणसांना त्यांनी वेगवेगळ्या दिवशी तेच सॅलड खायला दिलं. त्यात पालक, लेट्यूस, गाजर, टोमॅटो होते. एकदा वर तेल अजिबात नव्हतं, एकदा 6 ग्रॅम, एकदा 28 ग्रॅम. मग रक्तात किती कॅरोटिनॉइड उतरली ते मोजलं. तेलाविना खाल्लेल्या सॅलडमधून जवळजवळ काहीच उतरलं नव्हतं. थोड्या तेलानं फरक पडला, जास्त तेलानं अधिक पडला. पोटात स्निग्ध पदार्थ आला की पित्ताशय आकुंचन पावतं आणि पित्तरस आतड्यात सुटतो. पित्तरस तेलाचे अतिसूक्ष्म थेंब करतो आणि गाजराचा रंग त्या थेंबांत बसून आतड्याच्या अस्तरापर्यंत पोचतो. वाहनच नसेल तर प्रवासी स्टँडवरच बसून राहणार.

आता आपल्या आज्जीची गाजराची कोशिंबीर आठवा. किसलेलं गाजर, शेंगदाण्याचं कूट, वर मोहरी-हिंगाची फोडणी. शेंगदाण्यात जवळपास निम्मा भाग तेलच असतं, तिळात तर निम्म्याहून किंचित जास्तच. दही घातलं तर म्हशीच्या दुधाचं, आणि गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिणाऱ्या गावाला म्हशीच्या दुधातली साय काय असते ते सांगायला नको. किसण्यालाही अर्थ आहे. गाजराची पेशी म्हणजे कोंड्याच्या भिंतींची बंद खोली. आपले दात तिच्या थोड्याच भिंती फोडू शकतात. किसणी हे काम आधीच करून ठेवते. म्हणून दाताखाली कुरकुरणारे जाड काप खायला मजेचे असले तरी किसलेलं गाजर पोटाला जास्त देतं.

परवा कपिलतीर्थ मंडईत गेलो होतो. लाल, लांबलचक, शेंड्याला पाला असलेल्या गाजरांचा ढीग. "मावशी, गोड हाईत का?" असं विचारलं, तर "थंडीतलं गाजार कडू निघतंय व्हय?" असा उलटा सवाल आला. मावशींचं खरं आहे, पण त्याचं कारण पुस्तकात देतात त्यापेक्षा जरा वेगळं आहे. थंड देशांत बर्फ पडायला लागलं की गाजर, कोबी यांसारखी पिकं पेशीतलं पाणी गोठू नये म्हणून साखर वाढवतात. आपल्याकडे कुठलं आलंय बर्फ! डिसेंबर-जानेवारीत कोल्हापुरात पहाटे पारा साधारण 14-15 अंशांच्या आसपास येतो. इथं कामाला येते ती गार रात्र. रोप दिवसा उन्हात साखर करतं आणि रात्री श्वसनात त्यातली काही जाळतं. तापमान 10 अंशांनी उतरलं की जाळण्याचा वेग साधारण निम्म्यावर येतो. दिवसाची कमाई तशीच आणि रात्रीचा खर्च निम्मा. उरलेली शिल्लक मुळात जाऊन बसते. गाजराचा रंगही 15 ते 20 अंशांच्या हवेत सगळ्यात छान भरतो.

लाल आणि केशरी गाजरात मात्र फरक आहे. लाल रंग लायकोपीनचा, टोमॅटोत असतं तेच. केशरी रंग बीटा-कॅरोटीनचा, आणि शरीर अ जीवनसत्त्व बनवतं ते यापासून; लायकोपीनपासून नाही. पण लाल गाजरातही बीटा-कॅरोटीन असतंच, आणि चवीला ते केशरीपेक्षा कितीतरी सरस. हंगामात मी लालच घेतो.

मुळ्याबद्दल लोकांच्या तक्रारी दोनच: तिखट लागतो आणि वास येतो. या दोन्हींमागे मुळ्याचं संरक्षण खातं आहे. त्याच्या पेशींत ग्लुकोसिनोलेट नावाची गंधकयुक्त द्रव्यं एका बाजूला आणि मायरोसिनेज नावाचं विकर (एन्झाइम) दुसऱ्या बाजूला, असं वेगवेगळं साठवलेलं असतं. अळीनं चावा घेतला किंवा आपण किसणी फिरवली की दोन्ही एकत्र येतात आणि झणझणीत आयसोथायोसायनेट तयार होतं. मोहरीचा ठसका याच घराण्यातला. कोबी, फ्लॉवर, मोहरी, मुळा ही सगळी एकाच कुळातली. ही द्रव्यं तब्येतीला चांगली असावीत असं बरंच संशोधन सुचवतं. ती तयार व्हायला थोडा वेळ लागतो आणि उष्णतेनं विकर निकामी होतं. म्हणून मुळा आणि कोबी चिरून दहा मिनिटं तसेच ठेवायचे आणि गरम फोडणी थेट त्यांच्यावर ओतायची नाही. उन्हाळ्यात मुळा जास्त जहाल होतो. गार हवेतला कोवळा मुळा पोरंसुद्धा खातात. पाला टाकू नका, क जीवनसत्त्व आणि कॅल्शियम मुळापेक्षा पाल्यात जास्त असतं. झाड फुलावर गेलं की येणाऱ्या कोवळ्या शेंगा म्हणजे डिंगऱ्या. मिळाल्या तर त्याही बारीक चिरून घालाव्यात, पण हल्ली त्या शोधाव्या लागतात.

सॅलड म्हणजे परदेशी पानं, असं ज्यांना वाटतं त्यांनी घोळाणा खाल्लेला नसावा. कोवळी मेथी बारीक चिरायची, कांदा, कूट, मीठ, हिरवी मिरची, वरून कच्चं शेंगतेल, आणि भाकरीबरोबर. हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचाही असाच करतात, आणि त्याला लिंबू लागत नाही. हरभऱ्याच्या पानांवर बारीक लव असते आणि तिच्या टोकांतून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल पाझरतं. पूर्वी शेतकरी पहाटे दवानं भिजलेल्या हरभऱ्यावरून धोतराचं फडकं फिरवून ते पिळून घेत आणि बाटलीत भरून ठेवत. तीच आंब, पोटदुखीवरचं घरगुती औषध. शेंडे खुडल्यानं पिकाचं नुकसानही होत नाही. शेंड्यातून खाली येणारं ऑक्झिन हे संप्रेरक बाजूच्या डोळ्यांना, म्हणजे कोंबांना, दाबून धरतं. शेंडा खुडला की ते सुटतात, फांद्या फुटतात आणि घाटे वाढतात. भाजी आपल्याला, फायदा पिकाला.

हिरव्या पाल्यात आणि हरभऱ्यात लोह असतं, पण ते सहजासहजी अंगी लागत नाही. क जीवनसत्त्व त्या लोहाचं रूप बदलतं आणि त्याला आतड्यात विरघळलेलं ठेवतं. इथं पेरू कामाला येतो. 100 ग्रॅम पेरूत 200 मिलिग्रॅमच्या वर क जीवनसत्त्व असतं, तेवढ्याच संत्र्यात 50च्या आसपास. मोठ्या माणसाची रोजची गरज 65 ते 80 मिलिग्रॅम, म्हणजे अर्ध्या पेरूत भागलं. पेरू कोशिंबिरीत घालायचा म्हटलं की आमच्या घरात नाकं मुरडली गेली होती. एकदा खाल्ल्यावर कुणी काही बोललं नाही. जेवणावर लगेच चहा घेणाऱ्यांनी तेवढा तासभर थांबावं. चहातली टॅनिन लोहाला पकडून ठेवतात आणि पेरूचं काम वाया जातं.

बीट अनेकांना मातकट लागतं, आणि ते लागणं अगदी बरोबर आहे. त्यात जिओस्मिन असतं. पहिल्या पावसात मातीला वास येतो तो मुख्यतः याचाच. आपलं नाक या वासाबाबत फार तिखट आहे, अब्जावधीत काही कणही त्याला पुरतात. आम्लात जिओस्मिनचा वास मोडतो, म्हणून किसलेल्या बिटाला आधी लिंबू चोळून ठेवायचं. बिटाचा किरमिजी रंग डाळिंबाच्या लालीपेक्षा अगदी वेगळा. डाळिंबाचा रंग अँथोसायनिनचा, बिटाचा बीटालेनचा, आणि गंमत म्हणजे हे दोन रंग एकाच झाडात कधी एकत्र सापडत नाहीत. बिटाच्या वाडग्यात डाळिंबाचे दाणे टाकले तर मात्र सापडतात. बीट खाल्ल्यावर काहींना लघवी गुलाबी होते. घाबरून दवाखाना गाठण्याआधी काल काय खाल्लं ते आठवावं.

धुण्याबद्दल थोडं कडक बोलतो. मिठाच्या पाण्यात बुडवलं की सगळं मरतं, या समजुतीवर विसंबू नका. मळलेल्या पाण्यातून किंवा मातीतून पट्टकृमीची अंडी पालेभाजीवर येऊ शकतात. ती पोटात गेली तर अळ्या मेंदूत जाऊन गाठी होऊ शकतात आणि फिट येऊ शकतात. जन्मात मांस न खाल्लेल्या माणसालाही हा आजार होतो. कोबीची बाहेरची दोन-तीन पानं काढून टाकायची, मेथी-पालकाच्या काड्या सुट्या करायच्या आणि सगळं वाहत्या पाण्याखाली चोळून धुवायचं. मुळ्या-गाजराला घासणी लावली तरी चालेल.

चौघांसाठी आमच्याकडे होते ती अशी. आधी अर्धा मुळा किसून बाजूला. मग एक लहान बीट किसून, अर्धं लिंबू चोळून वेगळ्या वाटीत. दोन गाजरं किसायची, वाटीभर ओला हरभरा सोलायचा, मूठभर मेथी आणि कांद्याची पात चिरायची. कूट दोन-तीन चमचे. फोडणी दोन पोह्यांचे चमचे शेंगतेलाची: मोहरी, तीळ, हिंग, एक मिरची. ती गाजरावर आणि हरभऱ्यावर ओतायची, जरा निवली की मुळा, मेथी, पात, कूट आणि बीट मिसळायचं. पेरू अगदी शेवटी, कारण चिरलेल्या फळातलं क जीवनसत्त्व हवेत हळूहळू घटतं. मीठ ताटात वाढताना. आधी घातलं तर ते पेशींतलं पाणी बाहेर ओढतं आणि दहा मिनिटांत कोशिंबिरीचं सार होतं.

मागच्या रविवारी भाचा जेवायला होता. त्यानं मीठ आधीच घालून ठेवलं, सांगूनही. खाऊन झाल्यावर वाडगा तिरका केला तर तळाशी बिटाचं गुलाबी पाणी साचलेलं आणि त्यावर गाजराच्या रंगानं केशरी झालेल्या तेलाचे थेंब तरंगत होते. "मामा, हा तर कट आला की वो," म्हणाला, आणि भाकरीच्या तुकड्यानं वरचे थेंब तेवढे पुसून घेतले.