स्वेच्छेच्या मानकांमागची शिस्त

फेब्रुवारी १९०४ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात मोठी आग लागली, तेव्हा शेजारच्या शहरांतून बंब धावून आले. पण प्रत्येक शहराच्या जोडणीचे आटे निराळे असल्याने त्यांतील अनेकांचे पाइप तिथल्या हायड्रंटला, म्हणजे आगीसाठी बसवलेल्या रस्त्यावरच्या नळाला, बसेनात. दीड हजारांहून अधिक इमारती जळाल्या. या जोडण्यांचे मानक पुढच्याच वर्षी ठरले, मात्र ते पाळण्याची सक्ती नसल्याने बरीच शहरे जुन्याच मापांना चिकटून राहिली.

दुसरीकडे, एकाच वस्तूसाठी दोन-तीन संस्था परस्परांशी न जुळणारी मानके काढत. हा गोंधळ निस्तरण्यासाठी पाच अभियांत्रिकी संस्थांनी १९१८ मध्ये समन्वय समिती स्थापन केली. तीच १९६९ पासून ‘अमेरिकन नॅशनल स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूट’, म्हणजेच ‘अ‍ॅन्सी’, या नावाने ओळखली जाते. अ‍ॅन्सी स्वतः मानके लिहीत नाही. (आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरो आपल्याच समित्यांकडून ती लिहून घेतो.) मानके लिहिणाऱ्या संस्थांना मान्यता देणे आणि त्यांची कार्यपद्धती तपासणे हे अ‍ॅन्सीचे काम. समितीत उत्पादक, ग्राहक आणि तटस्थ तज्ज्ञ यांचा समतोल हवा, मसुदा सर्वांसाठी खुला हवा, प्रत्येक हरकतीचा विचार होऊन हरकतदाराला उत्तर मिळायला हवे आणि त्यानेही समाधान न झाल्यास अपिलाची सोय हवी. सर्वांचे एकमत होणे आवश्यक नसते. विरोधी मत ऐकून न घेता डावलणे मात्र चालत नाही.

ही पद्धत कंटाळवाणी आहे खरी, पण ती का लागते हे बॉयलरच्या एका खटल्यातून कळते. अमेरिकेतील यांत्रिकी अभियंत्यांच्या ‘एएसएमई’ या संस्थेची बॉयलर संहिता ऐच्छिकच, तरी बहुतेक राज्यांनी ती कायद्यात समाविष्ट केल्याने तिच्या शब्दाला कायद्याइतके वजन आले होते. १९७१ मध्ये, बॉयलरमधील पाणी कमी होताच इंधन बंद करणाऱ्या उपकरणाबद्दल एका कंपनीने संस्थेकडे खुलासा मागितला. त्या कंपनीचा अधिकारी संबंधित उपसमितीचा उपाध्यक्ष होता. प्रश्न तयार करण्यातही त्याचा हात होता आणि उत्तराचा मसुदा उपसमितीच्या अध्यक्षाने लिहिला. संस्थेच्या लेटरहेडवर गेलेले ते उत्तर दाखवून ‘हायड्रोलेव्हल’ या प्रतिस्पर्धी कंपनीचे उपकरण असुरक्षित असल्याचे ग्राहकांना सांगितले गेले. संस्थेला यातून काहीच लाभ झाला नव्हता. तरीही १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पर्धाविरोधी कृत्याबद्दल तिलाच जबाबदार धरले, कारण ते पदाधिकारी तिच्याच नावाच्या जोरावर बोलत होते.