हौदातला देवमासा: एका बंदीमागचा इतिहास

‘भारताने डॉल्फिनला माणसाचा दर्जा दिला’ ही बातमी २०१३ साली जगभर फिरली आणि अधूनमधून अजूनही फिरते. तसं काही झालेलं नाही. झालं ते इतकंच की केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरणाने १७ मे २०१३ रोजी एक परिपत्रक काढलं. करमणुकीसाठी डॉल्फिन किंवा देवमासे पाळणाऱ्या प्रकल्पांचे प्रस्ताव राज्यांनी फेटाळावेत, असा त्याचा आशय. कारणं देताना त्यात एक वाक्य आलं: डॉल्फिनची बुद्धी पाहता त्यांना ‘मानवेतर व्यक्ती’ मानावं असं काही शास्त्रज्ञांनी सुचवलं आहे आणि त्यांना करमणुकीसाठी कोंडणं नैतिकदृष्ट्या अमान्य आहे. दर्जाबिर्जा कुणी कुणाला दिला नाही. पण सरकारी कागदात ‘नैतिकदृष्ट्या’ हा शब्द एका जलचरासाठी यावा, हेही कमी नव्हतं.

त्याआधी आपण एकदा हात पोळून घेतले होते. नव्वदच्या दशकाच्या शेवटी चेन्नईजवळच्या ‘डॉल्फिन सिटी’त बल्गेरियाहून डॉल्फिन आणले गेले आणि काही महिन्यांतच मेले. तरीही पुढच्या दशकात दिल्ली परिसर, कोची, मुंबई अशी नवी नावं बातम्यांत येऊ लागली. प्राणिसंरक्षण संस्थांच्या ‘फियापो’ या महासंघाने त्याविरुद्ध मोहीम चालवली आणि परिपत्रक आलं. कोकणात मालवण तालुक्यातल्या तोंडवळी-वायंगणीच्या ‘सी-वर्ल्ड’ या नियोजित सागरी उद्यानावरून रान पेटलं होतं, पण ते मुख्यतः जमिनीसाठी. हौदात काय ठेवणार, हा प्रश्न तिथे मागेच राहिला. एकूणच आपल्याकडे हा निर्णय स्वस्तात झाला म्हणायचा, कारण धंदा उभाच राहिलेला नव्हता. ज्यांनी तो उभा केला त्यांना हा शहाणपणा फार महाग पडला.

देवमासा कोंडून तिकीट लावण्याची हौस जुनी आहे. १८६१ मध्ये पी. टी. बार्नम या खेळवाल्याने न्यूयॉर्कमधल्या आपल्या संग्रहालयात पांढरे बेलुगा देवमासे आणले. पहिले काही दिवसांत मेले, मग त्याने दुसरे आणवले. १८६५ मध्ये ते संग्रहालय जळालं तेव्हा आत बेलुगा होतेच. १९३८ मध्ये फ्लोरिडात ‘मरीन स्टुडिओज’ सुरू झालं आणि डॉल्फिनचे खेळ रुळले. पण या विषयाला खरं वळण लागलं ते ओर्कामुळे, म्हणजे ज्याला आपण किलर व्हेल म्हणतो त्या काळ्या-पांढऱ्या प्राण्यामुळे.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर ओर्का म्हणजे साल्मन पळवणारा चोर. मच्छीमार दिसेल तिथे त्याला गोळ्या घालत. १९६१ मध्ये तर खुद्द सरकारने सीमूर नॅरोज या सामुद्रधुनीवर ओर्का टिपण्यासाठी मशीनगन बसवली. ती प्रत्यक्षात चालली नाही, पण बसवताना कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. १९६४ मध्ये व्हँकुव्हर मत्स्यालयाला आपल्या दालनात ओर्काचं हुबेहूब शिल्प हवं होतं. त्यासाठी नमुना हवा, म्हणून एक ओर्का मारायला माणसं सॅटर्ना बेटावर पाठवली. जुलैमध्ये त्यांचा हार्पून एका तरुण ओर्काला लागला, पण तो मेला नाही. कळपातले दोघे त्याला श्वासासाठी वर उचलून धरू लागले. शेवटी हार्पूनच्याच दोरीने, कुत्र्याला न्यावं तसं त्याला व्हँकुव्हरपर्यंत ओढत नेलं. मादी समजून नाव ठेवलं ‘मोबी डॉल’.

जवळजवळ दोन महिने त्याने काही खाल्लं नाही. मग एके दिवशी माणसाच्या हातून मासा घेतला. लोकांनी ज्याला नरभक्षक म्हणून ऐकलं होतं, तो प्राणी हातून खातोय, शिट्ट्या मारतोय! ऑक्टोबरमध्ये तो मेला तेव्हा लंडनच्या ‘टाइम्स’नेही दखल घेतली. तो नर होता, हे मेल्यावर कळलं. त्याचे आवाज मात्र ध्वनिमुद्रित झाले होते आणि पुढे त्यावरूनच त्याचा कळप ओळखता आला, कारण ओर्कांच्या प्रत्येक कळपाची बोली वेगळी असते.

इथे मला या इतिहासातली सर्वांत अडचणीची गोष्ट दिसते. ओर्काबद्दल माया उत्पन्न झाली ती हौदामुळेच. तो कोंडला नसता तर कदाचित गोळ्याच चालत राहिल्या असत्या. मत्स्यालयांचे पाठीराखे आजही हे सांगतात आणि ते खोटं नाही. फक्त त्याच मायेची पुढे तिकिटं झाली. १९६५ मध्ये सिॲटलमधल्या एका मत्स्यालयाचे मालक टेड ग्रिफिन यांनी मच्छीमारांच्या जाळ्यात अडकलेला ‘नामू’ आठ हजार डॉलरला विकत घेऊन सिॲटलला आणला. वर्षभरात तो मेला, तोवर ओर्का पकडण्याचा बाजार उभा राहिला होता. सी-वर्ल्ड या अमेरिकी कंपनीच्या सॅन दिएगोतल्या सागरी उद्यानातली ‘शामू’ त्याच बाजारातली. ती १९७१ मध्ये मेली, पण नाव मरू दिलं नाही. पुढच्या ओर्का त्याच नावाने खेळ करत राहिल्या.

८ ऑगस्ट १९७० रोजी वॉशिंग्टन राज्यातल्या पेन कोव्ह या खाडीत बोटी, विमानं आणि स्फोटकं वापरून ओर्कांचे कळप कोंडले. खरेदीदारांना पिल्लंच हवी होती, कारण ती वाहून न्यायला सोपी. आया जाळ्याबाहेर थांबून ओरडत होत्या. काही पिल्लं जाळ्यात गुदमरून मेली. लोकांना कळू नये म्हणून त्यांची पोटं फाडून, वजन बांधून ती बुडवली. नोव्हेंबरमध्ये त्यातली काही किनाऱ्याला लागली आणि बभ्रा झाला.

याच सुमारास कॅनडाचे जीवशास्त्रज्ञ मायकेल बिग यांनी ओर्कांची शिरगणती सुरू केली. हजारो असतील, थोडे पकडले तर काय बिघडलं, असा सगळ्यांचा हिशेब होता. पाठीवरचा पर आणि त्यामागचा राखाडी डाग पाहून बिग एकेक प्राणी ओळखू लागले आणि निघाले जेमतेम काही शे. शिवाय नर-मादी दोघंही जन्मभर आईच्या कळपात राहतात, हेही या अभ्यासातून पुढे स्पष्ट झालं. म्हणजे एक पिल्लू उचलणं हे एका घरात दरोडा घालणं होतं. ‘नैतिकदृष्ट्या’ हा शब्द मला वाटतं तत्त्वज्ञांच्या आधी या मोजणीतून आला.

१९७६ मध्ये वॉशिंग्टनमधल्याच बड इनलेटला पुन्हा अशी धरपकड झाली, ती गव्हर्नरांच्या एका सहायकाने डोळ्यांनी पाहिली, राज्य कोर्टात गेलं आणि सी-वर्ल्डला त्या पाण्यात ओर्का पकडणं सोडावं लागलं. मग पकडणारे आइसलँडला गेले. तिथे १९८३ मध्ये पकडलेला ‘तिलिकम’ पुढे तीन माणसांच्या मृत्यूंशी जोडला गेला. त्यातल्या शेवटच्या, २०१० मध्ये ऑरलँडोला मारल्या गेलेल्या डॉन ब्रँशो, स्वतः अनुभवी प्रशिक्षक होत्या. त्यावरचा माहितीपट २०१३ मध्ये आला, प्रेक्षक फिरले आणि २०१६ मध्ये सी-वर्ल्डने ओर्कांची पैदास थांबवली. ब्रिटनमधला शेवटचा डॉल्फिनहौद १९९३ मध्येच बंद झाला होता. कॅनडाने २०१९ मध्ये कायदा केला, फ्रान्सने २०२१ मध्ये. उलट चीनमध्ये नवी सागरी उद्यानं निघत राहिली. २०१८ मध्ये रशियात नाखोदकाजवळ अकरा ओर्का आणि जवळपास नव्वद बेलुगा कोंडलेले सापडले. गाजावाजा झाला म्हणून पुढच्या वर्षी ते सोडले.

शिक्षण आणि संवर्धन हे हौदवाल्यांचे दोन युक्तिवाद. जखमी प्राण्याला वाचवून परत सोडण्याचं काम काही मत्स्यालयं खरोखर करतात आणि त्याला विरोध करण्यात अर्थ नाही. पण संगीताच्या तालावर उडी मारणारा ओर्का मुलांना ओर्काबद्दल काय शिकवतो, हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही.

पेन कोव्हमधून नेलेल्या पिल्लांपैकी एक मादी, ‘तोकितै’, मायामीच्या मत्स्यालयात ‘लोलिता’ म्हणून पन्नासहून अधिक वर्षं राहिली. तिच्या हौदाची खोली जेमतेम वीस फूट, तिची स्वतःची लांबीही साधारण तेवढीच. सोबतचा ‘ह्यूगो’ भिंतीवर डोकं आपटत असे. तो १९८० मध्ये मेला. त्यानंतर तिने दुसरा ओर्का पाहिला नाही. लुम्मी या आदिवासी समाजाने ती आपल्या नात्यातली आहे म्हणत तिला परत आणण्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. मार्च २०२३ मध्ये तिला घरच्या पाण्यात नेण्याचं जाहीर झालं. १८ ऑगस्टला ती हौदातच मेली. लुम्मींनी तिची राख नेऊन त्या पाण्यात सोडली. तिचे सगेसोयरे तिथे अजून आहेत, पाऊणशेच्या आसपास.