कोंडी होते कशी? चालकाच्या स्वभावाचं गणित

जपानमधल्या युकी सुगियामा आणि सहकाऱ्यांनी 2008 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. 230 मीटर परिघाचा गोल रस्ता, त्यावर 22 गाड्या आणि चालकांना एवढंच सांगणं, की ताशी 30 किलोमीटरच्या आसपास पुढच्या गाडीमागे जात राहा. ना सिग्नल, ना खड्डा, ना कडेला उभी रिक्षा. तरी कोंडी झालीच, आणि ताशी सुमारे 20 किलोमीटर वेगाने मागे मागे सरकत राहिली. कुणीतरी किंचित जास्त ब्रेक दाबला, मागच्याने त्याहून जास्त, आणि त्याच्या मागचे थांबलेच.

हे वागणं गणितात बसवता येतं. जर्मनीत ट्रायबर, हेन्नेके आणि हेल्बिंग यांनी 2000 साली मांडलेल्या मॉडेलमध्ये चालक म्हणजे मोजके आकडे: मोकळ्या रस्त्यावर त्याला हवा असलेला वेग, पुढच्या गाडीपासून किती सेकंद मागे राहायचं, थांबल्यावर किती जागा सोडायची, वेग किती झपाट्याने वाढवायचा, ब्रेक किती जोरात दाबायचा. समजा, गाडी ताशी 72 किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला 20 मीटर चालली आहे. दोन सेकंदांचं अंतर राखणारा सावध चालक साधारण 40 मीटर मागे राहतो, एका सेकंदावर भागवणारा 20 मीटर. समोरचा अचानक थांबला, तर ते 20 मीटर फार मोलाचे.

मग प्रश्न येतो, की एखादा एका सेकंदावर का चालवतो? 1990 साली मँचेस्टरच्या मानसशास्त्रज्ञांनी प्रश्नावलीतून दाखवलं, की चालकाच्या चुका आणि जाणूनबुजून केलेले नियमभंग या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत. नियमभंग पुरुषांत जास्त आढळले आणि वयानुसार कमी होत गेले. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. चुकणाऱ्याला सराव देता येतो. मागून डिपर मारत चिकटणाऱ्याला गाडी उत्तमच चालवता येते. त्याला आणखी शिकवून काय होणार?

आपल्याकडे गणित आणखी अवघड होतं. सावध माणसाने अंतर सोडलं, की त्यात दुचाकी घुसते आणि त्याला पुन्हा ब्रेक लावावा लागतो. इथे चालक फक्त पुढे पाहत नाही, शेजारची फटही हेरतो. म्हणून आयआयटी मुंबईत टॉम मॅथ्यू आणि सहकाऱ्यांनी लेनचे अरुंद पट्टे कल्पून मॉडेल रचलं, ज्यात बस अनेक पट्टे अडवते आणि दुचाकी थोडक्यात मावते.