ड्रमवादकांचे नियतकालिक

ड्रमसेट (एकाच वादकाने हातापायांनी वाजवायचा ड्रम व झांजांचा संच) वाजवणाऱ्यांसाठी, केवळ त्यांच्याच वाद्याला वाहिलेले नियतकालिक. वादकांच्या मुलाखती, लिपीबद्ध ठेके, सरावाचे पाठ, वाद्यांची परीक्षणे आणि वाचकांच्या मतदानाने ठरणारे वार्षिक मानसन्मान हा त्याचा नेहमीचा ऐवज. ड्रमसेट अमेरिकेत घडला आणि अशी नियतकालिकेही तेथेच प्रथम रुजली. ठाणे व नवी मुंबईतील वाचक ती मुख्यतः इंग्रजीतूनच वाचतो.

उगम : पहिले नियतकालिक कोणते याबद्दल एकमत नाही. इंडियानापोलिसच्या लीडी या ड्रम बनवणाऱ्या कंपनीचे ‘ड्रम टॉपिक्स’ बहुधा १९२३ पासून निघत होते. शिकागोच्या लडविग या दुसऱ्या ड्रम कंपनीचे ‘द लडविग ड्रमर’ त्यानंतर, साधारण १९२६ च्या सुमारास आले. दोन्हींत वादकांची छायाचित्रे आणि वादनविषयक सूचना असत, आणि जोडीला कंपनीच्या मालाची जाहिरातही असे. काही अभ्यासक या जोडीलाच आद्यत्व देतात. इतरांच्या मते ती माल खपवण्यासाठी काढलेली कंपन्यांची गृहपत्रे होती. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या, तालवादकांच्या पर्कसिव्ह आर्ट्‌स सोसायटीच्या प्रकाशनांकडेही बोट दाखवले जाते. परंतु त्यांचा विषय सर्व तालवाद्ये हा असल्याने ती या नोंदीच्या कक्षेत पुरती बसत नाहीत. रॉन स्पॅग्नार्डी यांनी न्यू जर्सीतील आपल्या घराच्या तळघरातून ‘मॉडर्न ड्रमर’ सुरू केले. त्याचा पहिला अंक जानेवारी १९७७ चा असून मुखपृष्ठावर ड्रमवादक बडी रिच होते. वाद्यकंपनीच्या मालकीचे नसणे ही कसोटी लावली तर मान याच पत्राकडे जातो. ती कसोटी रास्त वाटते, कारण विक्रेत्यानेच केलेल्या परीक्षणावर वाचकाने कितपत विसंबावे हा प्रश्न उरतोच. पुढे ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकाच्या मध्यास ‘रिदम’ आणि कॅलिफोर्नियात १९९० च्या दशकाच्या प्रारंभी ‘ड्रम!’ ही पत्रे निघाली.

ताललेखन : या नियतकालिकांचे खरे योगदान ध्वनिमुद्रिकेतील वादन कागदावर उतरवण्यात आहे. त्यासाठी पाश्चात्त्य स्वरलिपीच्या पाच रेषाच वापरतात, मात्र येथे रेषेची जागा स्वराची उंची सांगत नाही; कोणत्या वाद्यावर आघात करायचा ते सांगते. सर्वांत खालच्या घरात (दोन रेषांमधील जागेत) बास ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), खालून तिसऱ्या घरात स्नेअर (खालच्या बाजूस तारा लावलेला ड्रम), वरच्या रेषेच्याही वर फुलीने हाय-हॅट (पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी); पायाने मिटवलेला हाय-हॅट पाचही रेषांच्या खाली, तोही फुलीनेच. फुलीवर लहान वर्तुळ असेल तर हाय-हॅट उघडा. स्नेअरवरील अगदी हलका, जेमतेम ऐकू येणारा आघात कंसात लिहितात. ही मांडणी आज रूढ वाटते, परंतु दीर्घकाळ प्रत्येक प्रकाशक आपापल्या पद्धतीने टॉम (तारा नसलेले ड्रम) व झांजांच्या जागा ठरवत असे. एका पुस्तकावर तयार झालेल्या विद्यार्थ्याला दुसरे पुस्तक वाचताना अडखळावे लागे. नॉर्मन वाइनबर्ग यांनी प्रचलित पद्धती तपासून तयार केलेली प्रमाणलेखनाची मार्गदर्शिका पर्कसिव्ह आर्ट्‌स सोसायटीने १९९८ मध्ये प्रसिद्ध केली. तरीही सर्वत्र एकरूपता आली असे म्हणता येत नाही, म्हणून अनेक पाठांच्या आरंभी खुणांचा छोटा तक्ता देण्याची प्रथा टिकून आहे.

आपल्याकडील भातखंडे ताललेखन पद्धतीशी तुलना केल्यास भेद स्पष्ट होतो. तेथे तबल्याचे बोल (धा, तिं अशी अक्षरे) व त्यांच्या जोडीला सम, टाळी, खाली यांच्या खुणा लिहितात. बोल तोंडाने म्हणता येतात, त्यामुळे लिखित कायदा (विस्तार करण्याजोगी तबल्याची रचना) आधी पढंत करून, म्हणजे तोंडाने म्हणून, मग हातात उतरवता येतो. ड्रमलिपीत बोल नाहीत. चार अवयवांनी एकाच क्षणी काय करायचे हे ती उभ्या मांडणीत दाखवते. तबला आणि ड्रमसेटचे भाग एकत्र मांडून वाजवणारे त्रिलोक गुर्टू यांच्यासारख्या वादकाचे काम या दोहोंपैकी एकाच लिपीत पुरते मावणे कठीण आहे.

रुडिमेंट : हाताच्या मूलभूत आघातक्रमांना ही संज्ञा आहे. अमेरिकेतील एका वादकसंघाने १९३३ पासून असे २६ क्रम प्रमाण मानले, आणि १९८४ मध्ये पर्कसिव्ह आर्ट्‌स सोसायटीने ही संख्या ४० वर नेली. ‘पॅराडिडल’ हा क्रम उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा असा वाजतो. जवळपास प्रत्येक अंकात यांपैकी एखाद्याचा विस्तार असतो.

वाद्यपरीक्षणे : यात ड्रमचे खोड (पोकळ सांगाडा), झांजा, पेडल व पाने (ज्यांवर आघात होतो ते ताणलेले पडदे) यांची चाचणी येते. पॉलिएस्टरच्या पानांचे श्रेय चिक इव्हान्स यांना द्यावे की रेमो बेली यांना, हा जुना वाद आहे. बेली यांनी १९५७ पासून ती मोठ्या प्रमाणावर रूढ केली एवढे मात्र निर्विवाद. चामड्याचे पान दमट हवेत ढिले पडते, हे ठाण्यातील ढोल-ताशा पथकांना सांगावे लागत नाही; गणपती पावसाळ्यातच येतात, आणि प्लॅस्टिकची पाने त्यांच्याकडेही आता सर्रास दिसतात.

मतदान व सन्मान : ‘मॉडर्न ड्रमर’च्या वाचकांनी निवडलेल्या मानकऱ्यांत ड्रमवादक जीन क्रुपा (१९७९) पहिले. २०१५ च्या मतदानात सर्वोत्तम तालवादक म्हणून झाकीर हुसेन यांची निवड झाली.

ठाणे व नवी मुंबई : येथील ड्रम शिकणाऱ्यांपैकी अनेक जण लंडनच्या ट्रिनिटी कॉलेज किंवा रॉकस्कूलच्या श्रेणीपरीक्षांना बसतात. त्या परीक्षांच्या पुस्तिका वर वर्णिलेल्या लिपीतच छापलेल्या असल्याने या विद्यार्थ्यांना नियतकालिकातील पाठ थेट वाचता येतात. मैफलीपूर्वीच्या तयारीलाही हे वाचन उपयोगी पडते. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये १५ डिसेंबर २०१९ रोजी यू-टू या आयरिश वाद्यवृंदाचा कार्यक्रम झाला. त्यातील ड्रमवादक लॅरी मलन एक फ्लोअर टॉम (जमिनीवर उभा ठेवायचा मोठा टॉम) डाव्या हाताला, हाय-हॅटलगत ठेवतात. गॅलरीतून ही गोष्ट डोळ्यांना सहज दिसणारी नाही, पण वाद्यमांडणीच्या आकृतीत ती लगेच कळते. भारतीय तालवाद्यांच्या बाजूने पाहिल्यास वाशीत संकुल असलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचे ‘संगीत कला विहार’ हे मासिक १९४७ पासूनचे आहे. त्याचा भर रागसंगीतावर असून तबलाविषयक लेखन त्यात येते. ढोल-ताशाचे हात (ठरलेले ठेके) मात्र पथकांत अजूनही तोंडी आणि अनुकरणानेच दिले जातात. कोपिनेश्वर मंदिराच्या परिसरातून निघणाऱ्या पाडव्याच्या स्वागतयात्रेत वाजणारे ठेकेही प्रत्यक्ष सरावातूनच बसवले जातात. ड्रमलिपीत ताशाच्या काड्या व ढोलाच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या जागी दाखवून ते लिहून ठेवणे सहज शक्य आहे, आणि ते काम होणे अत्यंत इष्ट आहे.