गिअर पडत नाही: दांड्याचं सेटिंग गेलं की क्लच सुटत नाही?

गणपती झाले, पाऊस ओसरला की रत्नागिरी-मालवणकडच्या घरांतून झाकून ठेवलेल्या जुन्या गाड्या बाहेर निघतात. कुठे स्टँडर्ड हेरल्ड, कुठे बीटल, क्वचित कुणी हौसेने जपलेली ट्रायम्फ स्पिटफायर किंवा पोर्शे ९११. आणि तक्रार हमखास एकच: गिअर पडत नाही. पहिला टाकायला जावं तर दांडा अडतो, रिव्हर्सला कर्रकर्र आवाज येतो. मग कुणीतरी ठामपणे सांगतं, ‘दांड्याचं सेटिंग गेलंय,’ आणि पाना घेऊन एक जण गाडीखाली शिरतो.

त्याला आधी थांबवा. लक्षण एक असलं तरी बिघाड दोन असू शकतात, आणि ते गाडीच्या दोन वेगळ्या भागांत असतात. बिघाड क्लचचा असताना दांड्याचं चांगलं सेटिंग हलवलं, तर एकाचे दोन बिघाड होतात आणि मूळचा कुठला हे शोधताना जीव मेटाकुटीला येतो.

दांडा आणि त्याखालचं लिंकेज तुमच्या हाताची हालचाल गिअरबॉक्समधल्या सिलेक्टरपर्यंत, म्हणजे गिअर निवडणाऱ्या भागापर्यंत, पोचवतं. क्लच इंजिनाचा आणि गिअरबॉक्सचा संबंध तोडतो. लिंकेज चुकलं की हात बरोबर जागी जातो, पण आत सिलेक्टर तिथे पोचत नाही. क्लच अर्धवट सुटला तर सिलेक्टर बरोबर जागी जातो, पण आतले गिअर फिरतच राहतात, म्हणून दात दातांत बसत नाहीत.

ओळखायची रीत सोपी आहे. गाडी सपाटीवर घ्या, इंजिन बंद ठेवा, क्लच दाबा आणि एकेक करून सगळे गिअर टाकून बघा. एखादा अडला तर लगेच निष्कर्ष काढू नका. उभ्या गाडीत दात समोरासमोर येऊन बसलेले असतात. न्यूट्रलमध्ये गाडी हातभर ढकला आणि पुन्हा टाका. बंद इंजिनावर सगळे गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू इंजिनावर एकही धड पडत नाही, तर दोष क्लचचा. बंद इंजिनावरही ठरावीक एक-दोन गिअर सापडतच नाहीत, तर लिंकेजकडे वळा.

खात्रीसाठी रिव्हर्स वापरा. इंजिन मंद चालू ठेवा, क्लच पूर्ण दाबून दहा सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. या जुन्या गाड्यांच्या रिव्हर्सला सिंक्रो, म्हणजे दात बसण्याआधी त्यांचा वेग जुळवून देणारा भाग, नसतो. एवढा वेळ मिळाल्यावर आतले गिअर थांबायला हवेत. तरीही कर्र वाजलं, तर क्लच इंजिनाला सोडत नाही हे नक्की. स्पिटफायरवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. १९७० च्या मार्क ४ पर्यंत त्या गाडीच्या पहिल्या गिअरलाही सिंक्रो नव्हता. चालत्या गाडीत पहिला टाकताना तो वाजला तर तो बिघाड नाही, त्या बॉक्सची रचनाच तशी आहे.

आता लिंकेज. समोर इंजिन असलेल्या बहुतेक जुन्या स्पोर्ट्स गाड्यांत ‘सेटिंग’ करण्यासारखं फारसं काही नसतंच. स्पिटफायरचा दांडा गिअरबॉक्सच्याच वरच्या भागावर बसतो. तो सैल झाला, खडखडायला लागला, की दांड्याच्या बुडाशी असलेले रबर-नायलॉनचे बुश, म्हणजे जोडातल्या छोट्या कड्या, झिजलेले असतात. ते बदलायचे, बस्स. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीतही दांडा थेट बॉक्समध्ये उतरतो.

पोर्शेच्या ९११, ९१४ किंवा बीटलची गोष्ट वेगळी. तिथे गिअरबॉक्स मागे आणि दांडा पुढे, गाडीच्या तळाशी असलेल्या मधल्या बोगद्यातून लांब रॉड जातो. १९७२ पर्यंतच्या ९१४ मध्ये तर हा रॉड बॉक्सच्या पार शेपटीपर्यंत जातो, म्हणून तिचा दांडा ढिसाळपणासाठी बदनाम आहे. ९११ मध्ये मागच्या सीटांच्या मधलं झाकण काढलं की रॉडचा जोड आणि त्यावरचा क्लँप दिसतो. रॉड किंचित फिरवला की दांड्याची डावी-उजवी जागा बदलते, पुढे-मागे सरकवला की गिअर किती खोल बसतो ते बदलतं. सेटिंग चुकल्याची खूण म्हणजे एकाच बाजूचे गिअर, समजा पहिला-दुसरा, सापडत नाहीत किंवा अर्धवट बसून निसटतात, आणि बाकीचे ठणठणीत पडतात. क्लँप सैल करण्याआधी रॉडवर आणि जोडावर मिळून रंगाची एक आडवी रेघ ओढून ठेवा. फसलं तर मूळ जागी परतता येतं. आणि जोडातले बुश भुगा झालेले असतील तर आधी ते बदला. झिजलेल्या बुशवर केलेलं सेटिंग टिकत नाही.

पण कोकणात पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीचा दोष बहुतेक वेळा क्लचकडेच निघतो. स्पिटफायर आणि हेरल्डचा क्लच तेलावर चालतो. हे ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. आपल्या दमट हवेत ते लवकर खराब होतं, क्लचच्या सिलिंडरच्या आत गंजाचे खड्डे पडतात आणि सील दाब धरत नाही. पेडल भराभर तीन-चारदा मारल्यावर गिअर पडायला लागला, तर पाइपात हवा आहे किंवा सील गेलं आहे. पेडलच्या वरची पिन काढूनही बघा. ती मधोमध झिजून बारीक होते, तिचं भोक लांबट होतं, आणि पेडलची निम्मी चाल तिथेच वाया जाते. दोन पैशांच्या त्या पिनेपायी अख्खा गिअरबॉक्स खाली उतरवायला निघालेली माणसं आहेत. बीटलमध्ये केबल असते. पेडलला १० ते २० मिलिमीटर मोकळी चाल हवी. जास्त असेल तर क्लच सुटत नाही, अजिबात नसेल तर घसरतो.

क्लचच्या बिघाडाचा तिसरा प्रकार खास खाऱ्या वाऱ्याचा. क्लच प्लेट गंजाने फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाच्या टोकाच्या जड चाकाला, चिकटून बसते. पेडल, तेल, केबल सगळं उत्तम, तरी क्लच जराही सुटत नाही. इंजिन आधी चांगलं गरम करून बंद करा. मग मोकळ्या सपाट मैदानात, समोर माणूस वा भिंत नसताना, दुसरा गिअर टाकून क्लच दाबूनच स्टार्टर मारा. गाडी चालू लागेल. क्लच दाबलेलाच ठेवून अ‍ॅक्सिलरेटर दाबा-सोडा, पाय ब्रेकजवळ असू द्या. बऱ्याचदा झटक्याने प्लेट सुटते. पाखाडीत किंवा उतारावरच्या अंगणात हे करूच नका.

पुढच्या पावसाळ्यात गाडी गावीच राहणार असेल, तर दर आठवड्याला कुणीतरी इंजिन गरम होईपर्यंत चालवून क्लच दहा-पंधरा वेळा दाबायला हवा. मुंबईहून ते जमत नाही. म्हणून जुन्या गाड्या बाळगणारे काही जण केबलच्या क्लचचं पेडल दाबून सीटच्या आधाराने लाकडी ठोकळा अडकवून ठेवतात, म्हणजे प्लेट चार महिने फ्लायव्हीलपासून सुटलेली राहते.